बाजा थांबला ती संध्याकाळ

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की अमेरिकेतून एक बाई येणार आहेत. संगीत शिकवतात, आपल्याकडच्या लग्नातल्या बँडवर त्यांचं काम चाललंय, पुण्याहून धुळ्याला येऊन चार-पाच दिवस राहतील. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तेव्हा तुम्हीच त्यांना फिरवा. मग जरा थांबून ते म्हणाले, बँडवाले कुठे राहतात ते तुम्हाला ठाऊक नसेल, पण आपला शिपाई दाखवेल. मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

ठाऊक असायचंच. माझा जन्म त्या गल्लीतला. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवत आले. दम्याने त्यांचा श्वास पुरेनासा झाला तेव्हापासून माझा ट्रम्पेट वाजवणारा मोठा भाऊच बँड चालवतो. मी शिकले, कॉलेजात लागले, लग्न होऊन पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात राहायला आले. कॉलेजात मी माहेर लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही होऊन सांगायला गेले नव्हते.

गल्ली एका जुन्या टॉकीजच्या मागे आहे. टॉकीज आता बंद आहे, पण माझ्या लहानपणी सगळी गल्ली तिच्या वेळेवर उठायची आणि झोपायची. नवा सिनेमा लागला की गल्लीतले सगळे वाजवणारे पुढच्या स्वस्तातल्या रांगेत जाऊन बसायचे आणि गाणं पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा बघायचे. संध्याकाळी एका घरातून तेच गाणं ट्रम्पेटवर, दुसऱ्यातून जाड पितळी युफोनियमवर, तिसऱ्यातून नुसतं तोंडाने ऐकू यायचं. वर्द्या शिवणारा एक शिंपी होता, पितळ उजळणारा एक म्हातारा होता, बोर्ड रंगवणारा एक पेंटर होता. तमाशाचे फड या भागात उतरले की त्यांची माणसंही आमच्याच गल्लीत टेकायची, कारण गावात दुसरीकडे त्यांना कोणी ओसरी देत नव्हतं. आम्हालाही देत नव्हतं. आमच्या जातीला भाड्याने घर मिळण्याची ती एकच जागा होती. गल्ली वाजवणाऱ्यांची झाली ती अशी. लग्नसराईत मात्र गावातली मोठमोठी माणसं सुपारी द्यायला तिथे यायची, ओट्यासमोर स्कूटर उभी करून बसल्या बसल्याच बोलायची.

पाहुणी आली ती एप्रिलच्या ऐन उन्हात. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. उंच, काळी, आखूड पांढरे केस, आणि पाठीवर एक लांबलचक पेटी. मी तिला माझ्याच घरी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत गेलो तर पोरं मागे लागली. एकाने तिच्या हाताला बोट लावून बघितलं. तिने ते बघू दिलं, पण चेहऱ्यावरून मला कळलं की तिला याची सवय आहे आणि सवय असूनही ते आवडत नाही.

ती पेटी उघडेपर्यंत भाऊ जरा अंतर राखूनच बोलत होता. पेटीतून ट्रॉम्बोन निघाला. आमच्याकडच्या बँडमध्ये तो कुणी वाजवत नाही. नळी पुढे-मागे सरकवायची आणि त्यातून सूर काढायचा, हे बघून बँडमधल्या पोरांनी त्याला लगेच पंप म्हणायला सुरुवात केली. भाऊने एक हळदीचं गाणं ट्रम्पेटवर धरलं. ती दोनदा ऐकून तिसऱ्यांदा खालच्या सुरात त्याला साथ द्यायला लागली. भाऊ वाजवता वाजवता हसला, त्यामुळे त्याचा सूर फुटला. मग सगळेच हसले. त्यानंतर ती त्यांची ताई झाली.

दुपारी आबांच्या ओट्यावर बसलो. माझ्या वहिनीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवण झाल्यावर आबांनी मला विचारलं की हिने हे वाजवणं कोणाकडून घेतलं. मी विचारलं, आणि मग ती बराच वेळ बोलत राहिली. तिचं वाक्य झालं की मी ते आमच्या बोलीत सांगायची.

तिच्या शहरात नदीजवळ एक रस्ता होता. ज्या काळात काळ्या माणसांना गावात दुसरीकडे राहता येत नव्हतं, हॉटेलात खोली मिळत नव्हती, दुकानात कपडे घालून बघू देत नव्हते, त्या काळात त्या रस्त्यावर त्यांचं सगळं होतं. न्हावी, शिंपी, दातांचा डॉक्टर, खानावळी, उतरायला खोल्या. आणि नाचगाण्याचे हॉल. जॅझ तेव्हा नवं होतं. दिवसा कत्तलखान्यात, रेल्वेत, लोकांच्या घरी राबणारी माणसं संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून त्या रस्त्यावर यायची. तिचे पणजोबा एका हॉलमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. संगीताचं नाव झालं तसे गोरे लोक गाड्या घेऊन ऐकायला येऊ लागले. मग त्याच रस्त्यावर असेही हॉल निघाले जिथे वाजवणारे काळे आणि ऐकणारे फक्त गोरे. हॉल काळ्यांच्या वस्तीत, पण मालक बाहेरचा. पणजोबा त्या हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराने आत जायचे आणि त्याच दाराने बाहेर पडायचे. त्यांची बायको त्यांचं वाजवणं ऐकायला कधी आत जाऊ शकली नाही. ती मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून ऐकायची.

हे सांगितल्यावर माझी वहिनी, जी इतका वेळ भांडी आवरत होती, ती हातातलं ठेवून तिथेच खाली बसली.

पुढे काय झालं, असं भाऊने विचारलं. पुढे त्या रस्त्यावरून मोठा हमरस्ता नेला. कागदावर रेघ मारणाऱ्यांना ती वस्ती वाईट वाटत होती, दारू आणि जुगार तिथे होताच, त्यामुळे पाडायला कारण शोधावं लागलं नाही. आता तिथे गाड्या लावायची जागा आहे, आणि इथे थोर संगीत जन्मलं असं लिहिलेली एक पाटी आहे.

आबा आडवे झाले होते ते उठून बसले.

"त्या लोके मंग कोठे गयात?" त्यांनी विचारलं.

ती लोकं मग कुठे गेली, एवढंच मी तिला इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली की गाणी कुठे गेली ते सगळं लिहिलेलं आहे, त्यावर जाडजाड पुस्तकं आहेत. माणसं कुठे गेली ते कोणी नीट लिहून ठेवलं नाही. शहराच्या कडेला गेली, दुसऱ्या शहरात गेली, काहींनी वाजवणं सोडलं. आबांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले. मला वाटलं त्यांना झोप आली.

तिसऱ्या दिवशी भाऊच्या बँडला एका लग्नाची सुपारी होती. धुळ्यापासून फार लांब नाही असं एक मोठं गाव, गोरज मुहूर्त, त्याआधी नवरदेवाची घोड्यावरून मारुतीपर्यंत मिरवणूक. तिला वाजवायचं होतं. भाऊने नवऱ्याकडच्यांना फोन करून विचारलं. अमेरिकेची बाई आपल्या लग्नात वाजवणार म्हटल्यावर ते खूश झाले. भाऊने तिच्यासाठी एक वर्दी काढली, लाल कोट, सोनेरी पट्ट्या. कोट हाताला आखूड पडला. ती तोच घालून छोट्या आरशात स्वतःकडे बघत राहिली आणि मला म्हणाली की पणजोबांचा एक फोटो आहे, त्यातही त्यांच्या कोटाच्या बाह्या आखूड आहेत.

फोनवर कोणाला काय वाटलं होतं कोण जाणे. आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हा मांडवातल्या लोकांचे चेहरे बदलले. अमेरिकेची म्हणजे गोरी, असं त्यांनी धरलं होतं. नवऱ्याचा काका, जो सगळ्या व्यवस्थेवर होता, त्याने भाऊला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. भाऊने शांतपणे उत्तर दिलं. काका मान हलवत निघून गेला.

मिरवणूक निघाली. सुरुवात चांगली झाली. पुढे ताशा आणि ढोल, मग ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मागे हातगाडीवर कीबोर्ड आणि कर्णे, आणि मध्ये ती. तिने आमचा ठेका असा उचलला होता की घराघरातून बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. पोरं नाचत होती, मोबाइल वर धरलेले होते. मी बँडच्या बाजूने चालत होते, हातात तिची पाण्याची बाटली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी फार बरं वाटत होतं.

चौकात मिरवणूक थांबली आणि काका पुढे आला. तो प्यायलेला होता. आमच्याकडे वाजवणाऱ्यावरून नोट ओवाळतात, त्याच्या टोपीत खोचतात, आणि कोणाला जास्तच चढली असेल तर नोट तोंडापाशी धरून ती ओठांनी घ्यायला लावतात. वाजवणाऱ्याने हसून घ्यायची असते. आबांना मी घेताना पाहिलंय, भाऊलाही. काकाने भाऊच्या टोपीत नोट खोचली. मग दुसरी नोट घेऊन तो तिच्यासमोर गेला, ट्रॉम्बोनची नळी हाताने बाजूला सारली आणि नोट तिच्या तोंडापाशी धरली. ती मागे सरली. तो पुढे सरकला आणि भाऊकडे बघून मोठ्याने म्हणाला, "ही हबशीण कुठून धरून आणली रे? घे म्हणावं तोंडात. मग नाचव जरा."

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे.

ती माझ्याकडे वळली आणि तो काय म्हणाला ते विचारलं. मी ते काही न गाळता सांगितलं. तिने आदल्या दिवशी दुपारभर तिच्या पणजोबांचं सगळं आमच्यापाशी उघडं केलं होतं. तिच्यापासून हे झाकून ठेवायचा मला हक्क नव्हता असं मला वाटलं. तिचा चेहरा हलला नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "माझे पणजोबा वाजवत राहिले असते. मी काय करायचं ते मला कळत नाहीये."

मी हे भाऊला सांगितलं नाही, सांगायची वेळच आली नाही. भाऊने ट्रम्पेट तोंडावरून काढला, काखेत धरला आणि हात वर केला. त्या खुणेवर ढोल थांबला, ताशा थांबला, कीबोर्डवाल्याने आवाज बंद केला. चौकात एकदम इतकी शांतता झाली की घोड्याच्या तोंडातली कडी वाजलेली ऐकू आली. भाऊ काकाला म्हणाला, "हात लावायचा नाही. तिलाही नाही आणि आम्हालाही नाही."

त्यानंतर गोंधळ झाला. काकाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, जातीवरून दिल्या. दोन-चार तरुण भाऊच्या अंगावर धावले, दोन-चारांनी त्यांना धरलं. घोड्यावरचा नवरदेव, कोवळा पोरगा, रडवेला झाला होता. शेवटी नवऱ्याचे वडील आले. त्यांनी आपल्या भावाला तिथून न्यायला लावलं आणि माझ्या भावाला म्हणाले, मुहूर्त टळतोय, माझ्या पोराकडे बघ. भाऊने नवरदेवाकडे बघितलं. मग त्याने पोरांना खूण केली आणि मिरवणूक मारुतीपर्यंत वाजवत नेली. पण तो स्वतः वाजवत नव्हता. ट्रम्पेट काखेतच होता. आणि ती माझ्याबरोबर कडेने चालत होती, ट्रॉम्बोन अंगाशी धरून, लाल कोटाची बटणं काढलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबांना भेटायला म्हणून निघाली. माझ्यामुळे लग्नात बिघाड झाला, मला माफी मागायची आहे, असं तिचं चाललं होतं. आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा आत भांडण चालू होतं. आबांना रात्रीच सगळं कळलं होतं. मोबाइलवर ते गल्लीभर फिरलं होतं.

"नवरदेव घोडावर शे आनि बाजा बंद?" आबा म्हणत होते. "असं मी कधी ऐकेल नहीं."

त्यांचं म्हणणं असं की काकाचा माज घटकाभराचा असतो, दारू उतरली की संपला. पण ज्याचं लग्न आहे त्याला तो दिवस पुन्हा मिळत नाही. आपण तिथे स्वतःच्या मानासाठी जात नाही. बोलताना त्यांना धाप लागली होती. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने मान वर केली.

"तुम्ही जनमभर वाजाडत राहिनात," तो म्हणाला, "म्हनीसनच त्या आजबी नोट तोंडजोडे आनतस."

तुम्ही जन्मभर वाजवत राहिलात म्हणूनच ते आजही नोट तोंडापाशी आणतात. आबा उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. वहिनी दारापाशी जाऊन उभी राहिली, पण आत गेली नाही.

पाहुणीने मला विचारलं नाही की काय झालं. मीच म्हटलं, हे घरचं आहे. ती म्हणाली, मला समजलं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षाची वाट बघत उभ्या असताना तिने मला जे सांगितलं ते तिने ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं नव्हतं. तिच्या आजोबांनी, म्हणजे त्या ट्रॉम्बोनवाल्याच्या मुलाने, लहान असताना एकदा स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावून बघितलं होतं. गोरे लोक टाळ्या वाजवत होते, कोणीतरी वडिलांना काहीतरी म्हणालं, आणि वडील सगळे दात दाखवून हसले. घरी ते तसं कधीच हसत नसत. त्या हसण्याबद्दल आजोबांनी वडिलांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. वडील वारले तेव्हा त्यांचा ट्रॉम्बोन भंगारात विकून टाकला. घरात कोणाला वाजवू दिलं नाही. ही मोठी झाल्यावर परक्या माणसाकडे जाऊन शिकली. ती मला म्हणाली, "मी आता दोघांनाही समजू शकते. पण दोघं मेलेत. तुझे दोघं आहेत." रिक्षा आली.

ती त्याच दिवशी संध्याकाळच्या बसने पुण्याला गेली. आबांची पुन्हा भेट झालीच नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. ती चित्रफीत धुळ्यातच काय, पार जळगावकडच्या नातेवाइकांपर्यंत गेली. कोणी भाऊला शाबासकी दिली, कोणी माजलाय म्हणालं. शाबासकी देणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी लग्न नव्हतं. ठरलेल्या सुपाऱ्यांपैकी काही रद्द झाल्या. कारण कोणी सांगितलं नाही, फक्त डीजे ठरलाय असं कळवलं. बँडमधली दोन चांगली पोरं दुसऱ्या बँडमध्ये गेली. भाऊ त्यांना थांबवायला गेला नाही. आबा आणि भाऊ एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. वहिनी दोघांचे निरोप इकडचे तिकडे करायची, जेवायला बसा, दवाखान्यात जायचंय, एवढेच. मी रविवारी जायची तेव्हा आबा माझ्याशीही जेवढ्यास तेवढं बोलायचे. मला वाटायचं, ही पाहुणी मीच गल्लीत आणली.

कॉलेजातही ते पोचलं होतं. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं दुसरीकडे वळायचं. शेवटी वर्गातच एका मुलीने विचारलं, मॅडम, त्या व्हिडिओत तुम्ही आहात ना, मग तो ट्रम्पेटवाला तुमच्या ओळखीचा आहे का. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, आणि तो बँड माझ्या वडिलांचा. मी धडा पुढे शिकवायला घेतला. दुसऱ्या दिवशी प्राचार्य भेटले. आधी सांगायचं ना, असं म्हणाले. ते रागावले नव्हते. मला मात्र त्या वाक्याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पाहुणीचा अधूनमधून फोन येतो. त्या सकाळी आबा आणि भाऊ काय बोलले ते मी तिला फोनवरच सांगितलं. तिने भाऊला विचारायला सांगितलं होतं की जे घडलं ते लिहिलं तर चालेल का. भाऊ म्हणाला, लिहू दे, पण पुढे मारुतीपर्यंत वाजवलं हेही लिही म्हणावं. मग थोड्या वेळाने त्यानेच मला परत फोन करून सांगितलं की आबांचं बोलणं मात्र तिने लिहू नये. तिने कबूल केलं. इथे ते मी लिहिते आहे, कारण आबांना विचारून लिहिते आहे. त्यांनी सांगितलं, लिही, मी काय खोटं बोललो होतो का.

आता भाऊ सुपारी घेताना एक अट आधीच सांगतो, वाजवणाऱ्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही आणि नोट तोंडापाशी आणायची नाही, आणली तर बाजा थांबेल. काही लोक हसून हो म्हणतात, काही उठून जातात. परवा मी गेले होते तेव्हा चाळीसगावकडचा एक माणूस आला होता. मुलीचं लग्न, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. सगळं ठरत आलं आणि भाऊने उभं राहून अट सांगितली. माणूस जरा चपापला. घरी विचारून सांगतो म्हणाला आणि गेला.

आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. माणूस गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत ते थांबले. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भाऊकडे बघून बोलले.

"अट सांगानी व्हई त बशीसन सांग," ते म्हणाले. "उभं राहीसन सांगं का भांडन वाटस."

अट सांगायची तर बसून सांग, उभं राहून सांगितली की भांडण वाटतं. भाऊने त्यांच्याकडे बघितलं. मग ट्रम्पेटच्या कळा पुसायला घेतल्या. त्या चाळीसगावकडच्या माणसाचा फोन अजून आलेला नाही.